सगुणाबाईच्या अंगणातून निघणारी वाट

मोठमोठ्या लोकांचे अनुभव छापून येतात त्या पानांवर माझ्यासारख्याने लिहावं, हे धाडसच आहे. त्याबद्दल आधी माफी मागतो. वडील कारध्याला धानाची शेती करतात, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. चकवा, भूलभुलैया यांवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं.

अठ्ठ्याहत्तर सालचा मार्च. भंडाऱ्याला बी.ए.च्या भूगोलासाठी डोंगरातल्या एका गावाचं सर्वेक्षण करून फोटोंसह अहवाल द्यायचा होता. आंधळगावच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरांचं एक गाव आहे – नाव लिहीत नाही. डांबरी सडकेपासून पायवाटेने तासभर. तिथल्या शाळेच्या गुरुजींकडे मी दोन दिवस उतरलो होतो. कॅमेरा कॉलेजचा, रोल एकच, फोटो बारा. मोहफुलं वेचणाऱ्या बाया, टोपले विणणारे हात, तळ्यावरची गुरं, मागची डोंगररांग... दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाराही संपले. रोल काढून, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. लगेच पुढच्या सकाळी प्रॅक्टिकलची परीक्षा होती, त्यामुळे चारची गाडी चुकवून चालणार नव्हतं.

निघताना गावातल्या शेवटच्या घरी सगुणाबाईने हाक मारली. म्हातारी एकटीच राहायची. तिचा मुलगा सदा सहा वर्षांपूर्वी भिलाईला कामाला गेला, तो परत आलाच नव्हता.

"बाबू, माह्या एक फोटो काढ ना. पोराले पाठवाचा हाय. माह्यं तोंड पाहून तरी येईन तो."

"आजी, घाई आहे हो..."

"तुह्या कॉलेजले पाय फुटले काय पळायले? बस दोन मिनटं."

ती आत गेली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केस विंचरून, पदर कपाळापर्यंत ओढून वाळत टाकलेल्या मोहफुलांजवळ ताठ उभी राहिली. रोल संपला, हे सांगायची मला लाज वाटली. मी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. टक्.

"निघला काय?"

"हो आजी."

तिने ओटीभर मोहफुलं माझ्या पिशवीत घातली. मी चालू लागलो.

वाट एकच होती – नाल्याच्या काठाने सरळ खाली. अर्धा तास उतरलो तेव्हा मोहफुलांचा वास आला. वळणापुढे कुंपण, कुंपणाआड सगुणाबाईचं अंगण.

"काहून परत आला?"

"वाट चुकलो वाटतं."

"शिकलेला माणूस, अन् एवढीशी वाट सापडत नाही तुले! पानी पी. निघला ना माह्या फोटो?"

"हो."

दुसऱ्या वेळी नाला सतत डाव्या हाताला ठेवला. पाणी खाली वाहतं तसाच मी खाली उतरत होतो, हे शपथेवर सांगतो. तरी चढ न चढता मी तिच्याच घरामागे, गुरांच्या गोठ्याशी निघालो. तिसऱ्या वेळी वाटेवर फांद्या मोडून खुणा करत गेलो. शेवटची फांदी तिच्याच कुंपणाची मोडली. उन्हाने, उपाशीपोटी डोकं फिरलं असेल, असं स्वतःला समजावत होतो. पण आपण या अंगणातून आता कधीच बाहेर पडणार नाही, असं आतून पक्कं वाटायला लागलं. आईची आठवण आली. रडू येत होतं.

म्हातारी मात्र वैतागली नव्हती, चकितही नव्हती. दर वेळी तेच – "निघला ना फोटो?" आणि दर वेळी मी "हो" म्हणायचो.

चौथ्यांदा आलो तेव्हा उन्हं कलली होती. मी तिच्या ओट्यावर बसलो. धीर आला म्हणून नव्हे, भीती वाटली म्हणून बोललो.

"आजी, मी फोटो काढलाच नाही. रोल आधीच संपला होता. खोटं खोटं बटण दाबलं."

तिचा पदर डोक्यावरून खाली घसरला. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या तोंडासमोर.

"मायले फसवतोस काय रे! नाही जमत तं नाही मनाव, सांगून द्याव! गोड बोलून जाता अन् मंग म्हतारी बसते वाट पाहत! सारे पोट्टे एकाच मातीचे तुमी!"

कॅमेरा पिशवीत होता, पिशवी खाली. मी मान घालून ऐकत राहिलो. शेवटी ती थकून म्हणाली, "जा आता. गाडी जाईन."

"नवा रोल घेऊन नक्की येतो, आजी."

मी निघालो आणि तीच वाट मला सरळ सडकेवर घेऊन गेली. चारची गाडी गेलेली होती, शेवटची मिळाली.

रोल धुतला. बारा फोटो नीट निघाले. सगुणाबाई त्यात कुठेही नाही, निगेटिव्ह आजही माझ्याजवळ आहेत. मी परत गेलो नाही. आधी परीक्षा, मग वडिलांचं आजारपण, मग... खरं कारण लाज.

दोन वर्षांनी मोहाडीच्या बाजारात ते गुरुजी भेटले. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनीच खांद्यावर हात ठेवला.

"अहो, तुम्ही तर म्हातारीचं मोठं काम केलं! त्याच दिवाळीत सदा आला. त्याला भिलाईला लिफाफ्यात नुसता फोटो आला म्हणे, चिठ्ठी नाही."

"कसला फोटो?" मी विचारलं.

"तिचाच की. मी पाहिला ना! अंगणात मोहफुलं, अंगावर हिरवं लुगडं, पदर खाली, कमरेवर हात, बोट रोखलेलं. असा कसा काढला हो तुम्ही? तिची पत्रं मीच लिहायचो. दर पत्रात 'मी खुशाल आहे' एवढंच सांगायची. सदा म्हणाला, 'गुरुजी, माय माह्यावर एवढी रागावली हाय, हे सहा वर्षांत कोणी लिवलंच नाही. फोटो पाहिला अन् त्याच रात्री गाडीत बसलो.'"