मेहुण्याचा मेटलपट

हापूसच्या कलमांना हेवी मेटल ऐकवणारा बागायतदार अख्ख्या रत्नागिरीत एकच आहे आणि तो माझा मेहुणा आहे. लग्न ठरताना ही गोष्ट माझ्यापासून लपवली गेली होती. त्याचा स्पीकर फवारणीच्या पंपापेक्षा मोठा. मोहोर गळाला तर तो हवामानाला नाही, ड्रमरला दोष देतो. एकदा शेजारचे काका कुंपणाशी येऊन म्हणाले, "अरे, आत कोण गुदमरतोय काय?" ह्यानं शांतपणे सांगितलं, "नाय काका, गातोय."

मग त्यानं सिनेमा काढला. अर्धा खरा, अर्धा स्वप्नातला. सड्यावर, गावामागच्या उघड्या माळावर, कातळात बँड वाजतोय आणि एक माणूस पाठीवर दरवाजा घेऊन गर्दीतून आपलं घर शोधत फिरतोय. तो दरवाजेवाला मी. "भावोजी, तुमचा चेहरा मुळातच हरवलेला, अभिनय करूच नका," असं म्हणून त्यानं माझी निवड केली. शेवटचा प्रसंग एकदाच घेता येणार होता, कारण गिटारवाला दुसऱ्या दिवशी बोटीवर नोकरीला निघणार होता. सूर्य बुडताना गायकाची शेवटची आरोळी, मग पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत मी दरवाजा उभा करून त्यातून निघून जायचं. "तोंड तेवढं उघडू नका," मला तीनदा बजावलं गेलं.

प्रेक्षक म्हणून सगळी वाडी बसली होती. गायकानं घसा खरवडत काहीतरी मागितलं. शब्द एक कळला नाही, पण सूर हुबेहूब आमच्या गुरवाचा. देवळात त्यानं गाऱ्हाणं घातलं की प्रत्येक मागणीला आम्ही होकार भरायचा, ही लहानपणापासूनची सवय. गायक थांबला, शांतता पसरली, आणि मी दरवाजा टेकवून हात जोडले. "व्हय म्हाराजा." पाठोपाठ सगळी वाडी, "व्हय म्हाराजा."

मेहुणा डोक्याला हात लावून खाली बसला. सूर्य गेला होता. तेवढ्यात गिटारवाल्याला हसू फुटलं आणि त्यानं पुन्हा तारा छेडल्या. गायक पुन्हा गरजला, वाडी पुन्हा गरजली. कॅमेरा बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. सिनेमाचा शेवट तोच राहिला.

गिटारवाला पुढे परत आला, पण गिटार घेऊन नाही. बँड मोडला. दरवाजा आंबा भरायच्या शेडमध्ये भिंतीला टेकून आहे आणि कलमं रोज संध्याकाळी तोच शेवट ऐकतात. परवा पेटीत गवत पसरताना मेहुणा म्हणाला, "भावोजी, पुढच्या सिनेमात तोंड बंद ठेवायचं हां."

पुढचा निघणार नाही, हे दोघांनाही ठाऊक. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "व्हय म्हाराजा."