एका कोयत्यातली दोन माणसं

बीडच्या आमच्या लहानशा विधी महाविद्यालयात कामगार कायद्याच्या एलएल.एम.ला आम्ही तिघंच होतो. खुल्या आर्थिक धोरणाचे ढोल वाजत होते आणि सरच विचारायचे, "आता कामगार कायदा शिकून करणार काय?" मी चिडून पत्रकं छापायचो.

तिघांतला एक युसूफ वडगाव या गावाहून एसटीनं यायचा. बाकावर बसणं त्याला जमतच नसे. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत वाचायचा, कानावरची पेन्सिल काढून समासात काहीबाही लिहायचा. कुणी वाद घातला की म्हणायचा, "आधी मोज बे, मग बोंबल."

त्याचा प्रबंध ऊसतोड मजुरांवर होता. कारखान्याच्या यादीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि नाव नवऱ्याचंच लागतं. यानं आपल्या चाळीस कोयत्यांमधल्या बायकांची नावं वेगळी लिहिली. सर म्हणाले, "दप्तरात आहे तसंच लिही, नाहीतर मी सही करणार नाही."

"माझी माय बी तोडीला जाती, सर. दप्तरात न्हाई, पर फडात हाय."

सही मिळाली नाही. त्याचं वर्ष गेलं.

मी खवळलो. दोन दिवसांत पत्रक छापून आणलं : 'चाळीस कोयत्यांचा कॉलेजवर मोर्चा!' वाचता वाचता तो जागीच थांबला. पेन्सिलीनं 'चाळीस कोयत्यांचा' खोडून त्यावर 'ऐंशी माणसांचा' लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला.

"मोज बे," म्हणाला.

पत्रकांचा सगळा गठ्ठा मी व्हरांड्यात बसून हातानं दुरुस्त केला. तो माझ्यामागं येरझाऱ्या घालत होता.