पटावरचं माझं घड्याळ

शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, घड्याळ बनवताना मी प्रोग्राममध्ये एक ओळ लिहायची विसरले, आणि त्यापायी घरच्याच जोडीला पहिला नंबर देऊन बसले. शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. स्वतःला फार हुशार समजत होते बिचारी! सुरुवातीच्या खांबावरच्या सेन्सरचा किरण तुटला की मायक्रोकंट्रोलरनं शून्यापासून सेकंद मोजायचे, शेवटच्या खांबाशी तुटला की थांबून पाटीवर आकडे दाखवायचे. एकदा सुरू झाल्यावर पहिल्या खांबाकडे लक्ष देऊ नको, एवढंच त्याला सांगायचं राहिलं.

आमच्या ह्यांची खोड अशी, की जोडी सोडली की तिच्यामागे ओरडत दहा पावलं धावायचं. ते किरणातून गेले आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येऊन तिथून मोजू लागलं. आमचे म्हातारे बैल सगळ्यांत वेगवान ठरले.

"मास्तरीणबाईचं घड्याळ घरचंच आहे ना बाप्पा!" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. ते दुसरं शून्य फक्त मी पाहिलं होतं.

दिवसभर उन्हात उभी राहून पाय भरून आले होते. गप्प बसणं सोपं होतं. तरी माईकपाशी गेले, चूक सांगितली, आणि पंचांनी आमचा नंबर काढून घेतला.

परतताना बैलबंडीत मी तारा गुंडाळत होते. ह्यांनी बैलांचा कासरा सैल सोडला. मग म्हणाले, "सांगतलं ते बरं केलं. पण माईकवर जायच्या पहिले मले तं सांगाचं होतं, मी तिकडं बैलाईले गुलाल लावून राहिलो होतो ना वो!"