उडी न मारता खाली आलेली बाई

मी विमानातून पहिली उडी मारली त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही, असं आई गावभर सांगते. साफ खोटं आहे. त्या दिवशी घरात धपाटे झाल्ते, भावानं मला फोटो पाठवला होता.

मी बदनापूरला बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते. सुट्ट्या साठवते आणि वर्षातून एकदा थायलंडला जाऊन पॅराशूटच्या उड्या मारते. परवाना आहे माझ्याकडे. पण माझ्या सगळ्या उड्या पोटावरच्या, पालीसारखे हातपाय पसरून. मला आता फ्रीफ्लाय शिकायचं होतं, म्हणजे पडता पडता हवेत बसायचं, उभं राहायचं आणि शेवटी डोकं खाली, पाय वर. त्यात वेग वाढतो आणि चुकायला जागा उरत नाही, म्हणून कोच पारखून घ्यावा लागतो.

अप्पांनी, माझ्या वडलांनी, मला कधी अडवलं नाही. पण तोंडानं 'जा' असंही कधी म्हणले नाहीत. मी बॅग उचलली की हे गोठ्यात जाऊन बसणार. चाळिशीला टेकलेली बाई मी, पण बापाच्या तोंडून तो एक शब्द ऐकायचा होता, आता काय करता! म्हणून ठरवलं, कोच अप्पांनीच निवडायचा.

"मला काय कळतं त्यातलं?" म्हणाले खरे, पण व्हिडिओ कॉलसाठी इस्त्रीचा सदरा घालून बसले.

अप्पांचं निम्मं आयुष्य हसनाबादच्या आसपासच्या विहिरींत गेलं. खोल उतरून बंद पडलेली इंजिनं दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. उतरायच्या आधी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला की समजायचं, खाली हवा खराब आहे. मग मालक कितीही बोंबलू दे, हे पान्यांची पिशवी उचलून घरी.

पहिला कोच दिल्लीकडचा. पाठीमागे फळीवर जिंकलेले कपच कप. अप्पांनी घसा खाकरून आपली जालन्याची हिंदी काढली, "सर, इमान में बैठके, बिना कूदे वापस कब आये तुम?"

"कभी नहीं, अंकल!" तो छाती फुगवून म्हणाला.

"बराबर, बराबर," म्हणत अप्पांनी फोन ठेवून दिला. "हा न्हाई."

माझं डोकंच तापलं. "अप्पा, हजारो उड्या झाल्यात त्या माणसाच्या!"

"मंग हजारात एकदाबी वारा वाईट नव्हता? का ह्याला दिसलाच न्हाई?"

दुसरी कोच पुण्याची बाई, थायलंडात शिकवणारी. तिलाही तोच प्रश्न.

"मागच्याच आठवड्यात, काका. ढग भरून आले, वर माझ्या विद्यार्थ्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. गुमान विमानातच बसून खाली आलो. लोक हसले."

"हसू द्या म्याडम! मलाबी लई हसायचे."

झालं! पुढं अर्धा तास दोघांच्या विहिरी आणि आभाळाच्या गप्पा. मी फोन धरून उभी, हात भरून आला. शेवटी बाईंना माझी आठवण झाली. "आणि ताई, तुम्ही कधी आलात परत?"

मी कधीच परत आले नव्हते. सर्दीनं कान गच्च असतानासुद्धा, एवढ्या लांब आलोय म्हणून, मारली होती उडी. तसं सांगितलं, अप्पांच्या देखत. लाज वाटली मला, अक्षरशः मान खाली गेली.

कोच ठरली, मी गेले. निघताना अप्पा गोठ्यातच. चार दिवसांत हवेत बसायला जमलं. पाचव्या दिवशी डोकं खाली करायचं होतं. विमान वर गेलं, दार उघडलं, बाकीचे धडाधड गेले. बाईंनी कानाशी येऊन विचारलं, "पॅराशूट उघडायच्या आधी परत पोटावर किती उंचीला यायचं?" मी सांगितलं, आणि सांगतानाच कळलं की चुकलं. सकाळी दहा वेळा घोकलेला आकडा! उडी मारायची का नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

"आज नाही," मी म्हणाले.

दार बंद झालं. अख्ख्या विमानात आम्ही दोघी आणि पायलट. उतरेपर्यंत मी लहान पोरीसारखी रडले. एवढी तयारी, एवढा हट्ट, आणि आकडा विसरते बावळट!

खाली आल्या आल्या अप्पांना फोन लावला. "उडी न्हाई मारली, अप्पा. आकडा चुकला. तशीच परत आले."

अप्पांनी एवढंच विचारलं,

"जेवलीस का?"

"न्हाई."

"मंग जेव आधी. नीट झोप." जरा थांबून म्हणाले, "आन् उद्या जा."