सायकलच्या पोटातला नंबर

गेली पन्नास वर्षं मिस्त्री सायकली दुरुस्त करत होते, आणि त्यातली शेवटची दहा वर्षं त्यांना अगदी नकोशी झाली होती. पूर्वी लोक सायकल आणत ती कामावर जायला उशीर होतोय म्हणून. ‘मिस्त्री, जरा हात उचला’ असं म्हणत डोक्यावर उभे राहत. आता आणतात ती दिवाणखान्यात टांगायला. गंजून गेलेला सांगाडा गाडीतून उतरवायचा, टेबलावर आडवा टाकायचा आणि विचारायचं, “किती सालची असेल हो?” साल जितकं जुनं तितका मालकाचा रुबाब मोठा. सायकल जुनी असण्यात ह्याचं काय कर्तृत्व, असं मिस्त्रींच्या अगदी ओठांवर यायचं, पण ते गिळून साल सांगत. त्यांनी सांगितलेलं साल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे धरून चालत. खरं सांगायचं तर मिस्त्रीही तसंच धरून चालत.

साल काढायची एक रीत होती, त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेली. आधी नळ्यांचे सांधे बघायचे, मग ब्रेकच्या दांड्या कुठून गेल्यात ते, मग पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि नंबर सगळ्यात शेवटी. पायडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो त्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे सायकलच्या पोटात, हा नंबर कोरलेला असतो. कंपनीच्या जुन्या वहीत बघितलं की त्यावरून साल कळतं. “नंबर आधी बघशील तर बाकीचं दिसायचंच नाही,” असं उस्ताद म्हणायचे. मिस्त्रींनी हे पुढे निदान वीस जणांना ऐकवलं होतं.

त्या दिवशी गुडघे सकाळपासून ठणकत होते आणि जवळचं बघायचा चष्मा घरी राहिला होता. अशा मुहूर्तावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. सत्तरी कधीच उलटलेली, पाठीचा कणा मात्र फळ्यासमोर उभं असल्यासारखा ताठ. बरोबरच्या गाडीवाल्यानं सांगाडा आत आणून ठेवला. वरचा काळा रंग पोपडे धरून सुटत होता.

“आमच्या बाबांची सायकल,” बाई म्हणाल्या. “जिन्याखाली पडून होती. दादाला आता अंथरुणावरून उठवत नाही. म्हणतो, एकदा ती उभी राहिलेली बघायचीय. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची. मला ते आठवतच नाहीत हो. दादा नऊ वर्षांचा होता, त्याला आठवतात.”

मिस्त्रींनी सांगाडा उलटा केला. खाली वाकून सांधे बघायचं त्यांच्या जिवावर आलं. चिंधीनं पोट पुसलं तर नंबर लख्ख दिसला, चष्म्याशिवायसुद्धा. त्यांनी वही उघडली.

“वडील कुठल्या साली गेले म्हणालात?”

बाईंनी साल सांगितलं.

“मग ही त्यांची नाही. ही ते गेल्यावर दोन वर्षांनी कंपनीतून बाहेर पडलीय.”

“असं कसं होईल? आई नेहमी सांगायची...”

“बाई, घरोघरी हेच सांगतात. आजोबांची, पणजोबांची. नंबर खोटं बोलत नाही.”

बाईंनी एकदा सांगाड्याकडे बघितलं. “म्हणजे आईनं आम्हाला...” असं म्हणून थांबल्या. मग पर्स बंद करत म्हणाल्या, “राहू दे इथेच. घरी नेऊन दादाला काय दाखवू?”

त्या गेल्या. गिऱ्हाईक गेलं, डोकेदुखी गेली, असं मिस्त्रींना वाटलं. एवढंच.

चार दिवसांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या सायकलला सीटजवळचा जुना सांधा हवा होता. बाईंच्या सांगाड्यावर तो होता, आणि सांगाडा बेवारस पडलेला. मिस्त्रींनी तो टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळला, करवत घेतली. पातं नेमकं कुठे लावायचं ते कळावं म्हणून रंग खरवडायला लागले. काळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पुन्हा काळा, आणि त्याच्याखाली पत्र्यावर आकडे.

कंपनी अगदी सुरुवातीला नंबर सीटखाली कोरायची. मिस्त्रींना हे माहीत होतं. सांधे आधी बघितले असते तर तेव्हाच लक्षात आलं असतं. त्यांनी करवत खाली ठेवली आणि आता चष्मा लावून वही बघितली. सायकल वडील जाण्याच्या अकरा वर्षं आधीची होती.

मग पोटातला नंबर कुठून आला? सांगाडा उलटा करून त्यांनी तिथलाही रंग काढला. नळकांड्याच्या चारी बाजूंनी पितळ वितळवून सांधल्याचा झाळ दिसला, आणि डाव्या अंगाला तो नको इतका जाड होता. बघताक्षणी त्यांनी तो ओळखला. “पितळ काय तुझ्या सासऱ्याचं आहे?” म्हणून उस्तादांनी ज्यापायी शंभरदा शिव्या घातल्या तो हाच डावखुरा, उधळ्या हाताचा झाळ. पोट फुटलेली सायकल आली की मेलेल्या सायकलचं नळकांडं कापून तिला बसवायचं, हे तेव्हा रोजचंच काम होतं. दुसरीचं बसवलंय हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नसे. सायकल चालतेय ना, मग नंबर कोण बघतो? अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, मिसरूडही नीट न फुटलेल्या मिस्त्रींनीच हा खोटा नंबर ह्या सायकलच्या पोटात घातला होता, आणि स्वतःच तो वाचून एका बाईच्या आईला खोटं पाडलं होतं.

रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

“पन्नास वर्षांत पहिल्यांदा चुकलात होय?” ती म्हणाली. “मला तर रोज दिसतं.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं चेष्टा आवरली. “उद्या जाऊन सांगून या. फोनवर नको.”

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक मजल्यावर मिस्त्री कठड्याला धरून थांबले. परत फिरावं असंही एकदा वाटून गेलं. बाईंनी दार उघडलं आणि काही न विचारता आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी पलंग, उशाशी औषधांच्या बाटल्या, आणि पलंगावर उशीला टेकवून बसवलेले दादा, अगदी वाळून गेलेले.

“मी चुकलो,” मिस्त्री म्हणाले.

दादांनी कानामागे हात धरला. मिस्त्री पुन्हा म्हणाले. तरी ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या दारातून कोणीतरी डोकावून गेलं. जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते भर जिन्याला ऐकवावं लागलं, आणि मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. सीटखालचा नंबर, पोटातला नंबर, आपला झाळ.

“बरोबर,” दादा सावकाश म्हणाले. “सिमेंटचं पोतं नेलं होतं मी. सायकलचा तळ फुटला. तुमच्याच दुकानात टाकली होती.”

“म्हणजे आई खरंच सांगत होती,” बाई म्हणाल्या, आणि मटकन खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मिस्त्रींना कुठे बघावं कळेना.

“पंधरा दिवसांत उभी करून आणतो,” ते म्हणाले. “बाकी सगळी कामं बाजूला ठेवतो.”

दादांनी मान हलवली.

“बाबा मला पुढच्या नळीवर बसवायचे,” ते म्हणाले. “चढ आला की वाकून जोर लावायचे. त्यांची हनुवटी इथे लागायची, डोक्याला. सत्तर वर्षं मला ती जशीच्या तशी लागत होती, डोळे मिटले की पुरे. हिनं येऊन सांगितलं की सायकल त्यांची नाही, तेव्हा म्हटलं, मीच काहीतरी मनानं रचलेलं दिसतंय. त्या दिवसापासून ती लागेनाशी झाली.”

बाई डोळे पुसत उठल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. “पण आता कळलं ना, दादा? आता डोळे मिटून बघ की.”

दादांनी डोळे मिटले. मिस्त्री दाराशी उभे राहून त्या टाळूकडे बघत राहिले, गुडघ्यांचं भान न राहता.

“अजून नाही,” दादा म्हणाले.