मुक्याची मायबोली

माझा धाकटा भाऊ जन्माचा मुका-बहिरा. पण बडबड्या असा की विचारू नका! सगळी बडबड हातांनी. कपाळाला अंगठा लावला की आई, कानाची पाळी ओढली की मी. माझे कान मोठे ना, म्हणून. मेला मुद्दाम जोरात ओढून दाखवायचा.

एक्कावन्नच्या शिरगणतीत मायबोली विचारणार, हे कळलं आणि लोक पेटले. मुलूख मराठी की हिंदी, यावरून गोंदियात डोकी फुटत होती. आम्हाला कसली भीती? घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडीबोली, म्हणजे मराठीच. घरांवर नंबर टाकायला गुरुजी आले, तेव्हा आईनं भावाचं विचारून घेतलं. मुक्याची म्हणून आईचीच बोली लिहायची, असं ते म्हणाले. आई केवढी खूश झाली.

मोजणीच्या तोंडावर मराठीवाल्यांनी बाहेरगावची माणसं आणली, लाठ्या घेऊन. दिसेल त्याच्याकडून ‘मराठी’ वदवून घ्यायची. भाऊ धानाच्या बांधीत लाखोळीचं पीक उपटत होता. त्यांनी विचारलं, तो हसला, हात हलवू लागला. त्यांना वाटलं, टिंगल करतोय. पहिली लाठी खांद्यावर बसली. तो आणखी जोरात हात हलवू लागला, बिचारा समजावत होता. मग त्यांनी तो हातच बांधावर दाबून ठेचला.

मी पलीकडच्या बांधीतून ओरडत धावले, “मुका हाये तो! काऊन मारून राहिले?”

त्यातला एक म्हणाला, आधी सांगायचं ना, बाई. आधी! त्याच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला. हातातला विळा मी त्याच्या दंडात घातला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या. पण बोटं वाकडी झाली ती झालीच.

गुरुजी मोजणीला आले. एकेकाचं लिहीत मायबोलीवर पोचले. आई आपल्या झाडीबोलीतच म्हणाली, “हिंदी लिवा. साऱ्यायची.”

गुरुजी चपापले. तुम्हाला हिंदीचा एक शब्द तरी येतो का, म्हणाले.

“आपल्याच बोलीवाल्यायनं माह्या लेकराची बोली मोडली. लिवा मनलं ना.”

त्यांनी लिहिलं. भाऊ ओसरीवरून टकमक बघत होता. काय झालं, हे मला विचारायला त्यानं हात कानाकडे नेला. पाळी बोटांत येईना. मी समोरच बसले होते, आणि तो मला हाक मारतच राहिला.