जोडाची गाडी

कारखान्यात तिला सगळे ठिणगीताई म्हणत. पाण्याच्या मोठाल्या लोखंडी टाक्या वेल्डिंगने जोडायचं तिचं काम. तिने मारलेल्या जोडातून कधी थेंब पाझरला नव्हता. ही गोष्ट ती स्वतःहून कुणाला सांगत नसे, पण दुसरं कुणी सांगू लागलं तर हातातलं काम थांबवून ऐकायची. लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही ते नाहीच. घराच्या तळमजल्यावर ती एकटी राहायची आणि वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दिवसभर तिळाएवढ्या स्क्रूंशी झटापट करणाऱ्या या माणसाला घरी आल्यावर काहीतरी मोठं, दणदणीत आवाज करणारं हवं असायचं. त्यातून ती गाडी घरात आली.

गाडी जुनी, दोन दारांची. भावाने तिच्यात पेट्रोल जीपचं इंजिन बसवून घेतलं, छत चार बोटं खाली उतरवलं, चाकं रुंद केली. ती सुरू झाली की वरच्या मजल्यावरची भांडी किणकिणायची. माझी सवत तळमजल्यावर राहते, असं भावजय सांगत फिरायची. मग जीभ चावून म्हणायची, तसं नाही हो ताई, गाडीबद्दल बोलतेय मी.

एका संध्याकाळी भावाने ही गाडी रस्त्यातल्या दुभाजकावर घातली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं तोंड मात्र डावीकडे वळलं, आणि स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. ताईने आडवं पडून टॉर्च मारला. ज्या दोन लांब लोखंडी दांड्यांवर सगळी गाडी उभी असते, त्यातला डावा दांडा पुढच्या बाजूला वाकला होता.

"चेसिस गेली," ती म्हणाली.

"तू घरात असताना मी बाहेर कुणाच्या पाया पडू?" भाऊ म्हणाला.

तिला तेवढं पुरे होतं.

घरामागच्या शेडमध्ये त्यांनी गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवली. वाकलेल्या दांड्याला साखळी बांधून ती खांबाच्या बुडाशी अडकवली आणि जॅकने ताण देत देत दांडा सरळ ओढला. ताईने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून दोन्ही बाजूंची मापं जुळवली. जुळली. भाऊ आनंदाने शिट्टी वाजवत वर गेला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन तिने पुन्हा दोरी धरली, तर मापं चुकत होती. तिने परत ओढलं, परत जुळवलं. पुढच्या दिवशी तेच. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आता वरच्या कोपऱ्यात घासायला लागलं होतं, आणि दाराला तर कुणी हातही लावला नव्हता. लोखंड आपणहून जागा सोडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे पुढे ओढलेलं कुठेतरी मधेच ढिलं होत होतं.

तिने सीट काढली, खालची चटई काढली. तिच्याखाली डांबरासारखा काळा थर होता, गरजेपेक्षा जास्त जाड. तो खरवडताना आधी पांढरा रंग लागला, आणि वीतभर मागे हिरवा. दोन रंगांच्या मधून एक रेघ गाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती, दोन्ही दांड्यांवरून, थेट आरपार. कारखान्यात जोड तपासायला जो लाल रंग वापरतात त्याचा डबा तिने आणला होता. तो फवारून तिने पुसून घेतला आणि वर पांढरी पूड मारली. थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग पांढऱ्यातून एक केसाएवढी लाल रेघ वर आली आणि हळूहळू जाड होत गेली. जुना जोड तडकला होता.

तिने भावाला खाली बोलावलं. त्याने रेघ पाहिली, आणि त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्या रेघेपेक्षा तिला याचीच जास्त भीती वाटली.

"तुला माहीत होतं?"

"विकणाऱ्याने सांगितलं होतं. दोन ठोकलेल्या गाड्यांचे चांगले अर्धे जोडलेत म्हणाला. चांगले अर्धे, ताई."

याच सीटच्या मागे तो मुलीला बसवून शाळेत सोडत होता. ताईने त्याला सरळ सांगितलं, ही आता भंगारात घाल. त्याने वाद घातला नाही. पण रोज दुकानातून आला की चहासुद्धा न घेता तो शेडमध्ये जायचा आणि सीट नसलेल्या गाडीत पत्र्यावर मांडी घालून बसायचा. एकदा ती हत्यारं उचलायला गेली तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझा जोड आजवर कधी सुटलाय का?"

हा गळ आहे हे तिला कळत होतं, तरी तिने तो गिळला.

जुना जोड तिने पूर्ण घासून काढला, नवा मारला, दोन्ही अंगांनी पट्ट्या चढवल्या. असा सुबक जोड तिने कारखान्यातही मारला नसेल. शेवटी तिने दांड्यावर हातोडी वाजवून पाहिली. जोडाजवळ ठणठणीत आवाज आला. थोडं पुढे आवाज बसका आला, आतून पोखरल्यासारखा. तिने तो ऐकला, हातोडी खाली ठेवली आणि भावाला वरून फासायच्या काळ्या रंगाचा डबा आणायला सांगितला.

सीट परत बसवली, आणि रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची ठरली. भावजयीने तिला जिन्यातच गाठलं. मुलगी वर शाळेचा गृहपाठ करत होती.

"ताई, खरं सांगा. पोरीला घेऊन मी बसू का त्यात?"

"आधी मी बसून येते," ताई म्हणाली.

गोदामांच्या मागचा रस्ता सुट्टीमुळे मोकळा होता. गाडी नाकासमोर सरळ चालली. भावाचा चेहरा उजळला, त्याने पाय दाबला, इंजिन गुरगुरलं. पुढे एक साधा गतिरोधक होता, लहान मुलाने सायकलवरून ओलांडावा असा. चाकं त्यावर चढून उतरली आणि पायाखाली जाड पुठ्ठा टरकावल्यासारखा आवाज झाला. ताईचे गुडघे एकदम वर आले. गाडी मधोमध खाली बसली होती आणि तिचं पोट रस्त्यावर घासत होतं. गाडी थांबली, पण इंजिन चालूच होतं. तिने दार ढकललं. दार चौकटीत पाचर ठोकल्यासारखं बसलं होतं. भावाचंही उघडेना, काचाही खाली होईनात. पेट्रोलचा वास आधी हलका आला, मग नाकात बसला. भाऊ स्टिअरिंग घट्ट धरून "काही नाही, काही नाही" एवढंच म्हणत होता. तिने त्याच्या हाताखालून हात घालून किल्ली फिरवली, मागे सरकून पुढच्या सीटला पाठ टेकवली आणि दोन्ही पायांनी मागची काच फोडली. आधी त्याला बाहेर काढलं, मग स्वतः निघाली. दोघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसली.

वास विरल्यावर भावाने पोटावर झोपून खाली पाहिलं. उठला तेव्हा तो हसत होता.

"तुझा जोड सुटला नाही, ताई. त्याच्या पुढचं लोखंड फाटलं. या वेळी पट्टी लांब लावू."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर काचेचा चरा होता, त्यातून रक्त भुवईवर उतरत होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

गाडी ओढून घरी आणली. ताईने टाकी उतरवली, पेट्रोलची नळी काढून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून गॅसकटर पेटवला. आपल्या जोडाच्या मागून तिने छत, पत्रा, दोन्ही दांडे कापले. भाऊ जिन्याच्या पायरीवर बसून बघत होता. त्याने तिला अडवलं नाही, आणि त्यानंतर तो तिच्याशी बोललाही नाही. भंगारवाल्याने दोन्ही तुकडे उचलून नेले. भावजयीने शेड धुऊन काढली.

पुढच्या आठवड्यात कामावरून परतताना ताई भंगाराच्या आवारापाशी थबकली. मागचा अर्धा भिंतीला टेकून उभा होता. पुढचा कुठे दिसेना.

"तो गेला," भंगारवाला म्हणाला. "एक नवरा-बायको घेऊन गेले. त्यांच्या गाडीचा पुढचा भाग गेलाय, मागचा शाबूत आहे. बसेल म्हणाले."

त्यांचा पत्ता त्याला माहीत नव्हता. गाडीचा रंगही त्याला आठवेना. मागच्या तुकड्यालाही गिऱ्हाईक लागलंय, आत्ता येईलच, एवढं मात्र त्याने सांगितलं. ताई आवारातल्या एका टायरवर बसून राहिली.

एक पोक्त, सभ्य दिसणारा माणूस टेम्पो घेऊन आला. तिने त्याला गाठून सगळं सांगितलं. आतला गंज, फाटलेला दांडा, न उघडणारी दारं, काहीच लपवलं नाही. त्याने मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग मागच्या तुकड्याभोवती एक फेरी मारली, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"तुम्ही वेल्डिंग करता ना?" त्याने विचारलं. "जोडून द्याल?"

ती नाही म्हणाली. त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि टेम्पोतून दोर काढायला गेला.